रिकाम्या ग्लासाचा वास

८ फेब्रुवारी

चि. ठेंगूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

गाडीवाला उद्या सकाळी खोकी घेऊन तुमच्याकडे निघतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतोय. तू म्हणशील, दादाला फोनचं वावडं आहे. तसं नाही गं. फोन बैठकीत आणि तुझी वहिनीही सदा बैठकीत, आणि आज जे लिहायचंय ते तिच्या कानावर जायला नको. तेव्हा हे पत्र वाचून झालं की नेहमीसारखं फडताळावर उघडं टाकू नकोस.

परवा आमच्या वाईनरीत सालांची ओळ मांडली, म्हणजे दर सालच्या वाईनची एकेक बाटली. तुला ठाऊकच आहे, आमची वाईन काही बड्या लोकांची नव्हे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या धर्तीवर दोन काळ्या द्राक्षांचं मिश्रण, शाळामास्तरांना आणि कारकुनांना रविवारच्या जेवणाबरोबर परवडावी अशी. पण स्वस्त असली म्हणून दरवर्षी सारखी निघते असं नाही. म्हणून नव्या सालाचं मिश्रण ठरवण्याआधी जुनी सालं शेजारी शेजारी ठेवून चाखायची, हा आमचा शिरस्ता. बाटल्यांना मोजे चढवतात, म्हणजे सालाची चिठ्ठी दिसत नाही. मला मोज्यांचा काही उपयोग नाही, मी वासावरून हाक मारतो. तुझ्या लग्नाच्या साली ऊन फार होतं, ती बाटली अजून जॅमसारखी दरवळते. त्याच्या पुढच्या साली ऐन तोडणीत पाऊस झाला, म्हणून तिला कच्च्या ढोबळी मिरचीचा वास. तिला मी मनातल्या मनात तुझ्या सासूबाईंचं साल म्हणतो. आधी झोंबते, मुरली की माया करते. (हे पत्र खरंच उघडं टाकू नकोस.)

मग आली बाबा गेले त्या सालची. गेल्या फेब्रुवारीपर्यंत ती सगळ्यांत शहाणी बाटली होती, काळं बोर आणि तासलेली पेन्सिल यांचा वास. या वेळी ग्लास नाकाशी नेला आणि ठेंगू, मला करपल्याचा वास आला. दूध तळाला लागावं तसा, आणि मागून राख. पाणी प्यायलो, बाहेर जाऊन आलो, पुन्हा घेतला. तोच वास. मालकांना दिला, त्यांना काही नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी घेतला, त्यांनाही नाही. त्यांच्या यंत्रानेही दोष नाही म्हणून सांगितलं. मालक हसत म्हणाले की आता तुमच्या नाकाला पेन्शन द्यायची वेळ आली. सगळे हसले, मीही हसलो. मला मात्र बाबा आठवले.

बाबांचं कसं सुरू झालं होतं ते तुला मी सांगायला नको. चहाचा कप बाजूला सारायचे आणि म्हणायचे, दूध करपलंय. आणि आपण दोघं आईला चिडवायचो की तुझं लक्ष शेगडीवर कमी नि शेजारणींवर जास्त. वर्षभर चिडवलं. वर्षानंतर कळलं की दूध कधी करपलंच नव्हतं, डोक्यात गाठ होती.

मला भीती वाटतेय. चारचौघांत म्हणता येत नाही, तुला म्हणतो. त्या दिवसापासून चहातही तो वास येतो की काय असं वाटतं. येतो की मीच शोधत बसतो, काही कळत नाही.

तेव्हा एक काम कर. दरवर्षी मी दिलेली एकेक बाटली तुझ्या जिन्याखाली आहे, तुम्ही दोघं काही ती उघडत नाही. त्यांना मोजे घाल, जावईबापूंना ओतायला सांग आणि एखादीला करपट वास येतो का ते बघ. आला तर दोष वाईनचा. नाही आला तर माझा. गंमत बघ, जी वाईन मी पोटच्या पोरासारखी सांभाळली, तीच बिघडलेली निघो म्हणून आज प्रार्थना करतोय.

जावईबापूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात, कापड बेतायच्या टेबलाशी उभ्याने वाचलं आणि मटकन स्टुलावर बसले. मालकीणबाईंना वाटलं, कुणी गेलं. आधी एक ऐक: बाटल्या गेल्या खड्ड्यात, तू डॉक्टरकडे जा. आजच्या आज जा. वहिनीपासून लपवणं म्हणजे कोंबडं झाकून ठेवणं आहे. ती तुझ्या चपलांच्या आवाजावरून तुझा मूड ओळखते, तिला कळलं नसेल असं तुला वाटतं तरी कसं?

एवढं बोलून झालं. आता परीक्षेचं सांगते, कारण तू सांगितलंस आणि मी केलं नाही असं आजवर झालेलं नाही. (शाळेत असताना तुझ्या वह्यांना पुठ्ठे कोण घालायचं?) बाटल्यांना ह्यांचे ऑफिसचे मोजे घातले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक निघालं आणि त्यातून चिठ्ठी दिसायला लागली, तेव्हा ती बाटली पुन्हा दुसऱ्या मोज्यात. ह्यांनी प्रत्येक ग्लास हुंगला, घोट घेतला आणि प्रत्येकाला छान म्हणाले. ह्यांना माझी फसलेली भाजीही छान लागते, त्यामुळे त्या साक्षीला फारशी किंमत नाही. पण करपट वास मुळीच नाही असं मात्र ठासून सांगत होते.

माझं विचारशील तर मला सगळ्यांनाच थोडा थोडा जळका वास आला. पण त्यावर जाऊ नकोस, हल्ली आमचं घरच जळकं झालंय. नवं वर्ष लागल्यापासून जिन्यापाशी वायर जळल्याचा वास येतो, जातो, पुन्हा येतो. वायरमनला दोनदा बोलावलं. बिचाऱ्याने सगळी बटणं उघडली, भिंतीला कान लावला, काही सापडलं नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाला की बाई, तुमच्या घरात वायरी ठीक आहेत, तुम्हाला माझा चेहरा बघायचा असेल तर सरळ चहाला बोलवा. हे तर पोट धरधरून हसले. तर असल्या घरात वाईनची परीक्षा काय होणार, कप्पाळ!

ग्लास लगेच धुऊन पालथे घातले. उष्टं भांडं रात्रभर ठेवायचं नाही हे आईने हातावर मारून शिकवलंय, ते अजून हातातच आहे.

दादा, मलाही भीती वाटते. बाबांच्या वेळी तू होतास म्हणून मी रडून घेतलं. तुझ्या वेळी मी कुणाच्या खांद्यावर रडू? असलं काही मनात आणायला लावू नकोस, आणि डॉक्टरकडे जा.

वहिनीला नमस्कार. धाकट्या बहिणीवरचा लोभ आहे तस्साच राहू दे.

तुझी
ठेंगू


२२ फेब्रुवारी

चि. ठेंगूस,
अ. उ. आ. वि. वि.

अगं वेडाबाई, ग्लास धुतलेस! तिथेच सगळं मुसळ केरात. अर्थात चूक माझीच, मी सांगायला हवं होतं. आईच्या हाताखाली वाढलेली मुलगी ग्लास तसेच ठेवेल असं मला वाटलंच कसं?

आमच्यात जुने लोक काय करायचे ते सांगतो. संशय आलेली वाईन प्यायची, ग्लास रिकामा करायचा आणि न धुता रात्रभर तसाच ठेवायचा. फळाचे, लाकडाचे वास उडून जातात आणि दोष असेल तर तो तेवढा काचेला धरून राहतो. सकाळी नाक आत घातलं की झालं. इथे मात्र तसं करता येत नाही. संध्याकाळी सगळे ग्लास यंत्रात धुवायला जातात. मागून ठेवून घेतले असते, पण सगळ्यांदेखत तो प्रयोग करायचा आणि सकाळी मला एकट्यालाच वास आला तर? मग नाकाचं काय नि डोक्याचं काय, दोन्हीचा निकाल तिथेच लागेल. तेवढा धीर माझ्यात नाही. आधी तुझ्याकडून कळू दे.

म्हणून गाडीवाल्याबरोबर पुन्हा तीन बाटल्या देतोय. तुझ्या लग्नाचं साल, सासूबाईंचं साल आणि बाबांचं साल. तुमच्या त्या जळक्या घरात नको. दुसरीकडे कुठे तरी कर, जिथे हवा स्वच्छ असेल. आणि वायरमन बदल, तुमचा तो नुसता गप्पिष्ट दिसतोय.

डॉक्टरकडे जाऊन आलो. तुझं ऐकलं, आता खूश? वहिनीचंही तुझं खरं निघालं. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं की काय लपवतोयस. डॉक्टरांनी बाबांचं सगळं नीट विचारून घेतलं आणि डोक्याचा फोटो काढायला सांगितलाय. फोटो पुढच्या सोमवारी, २ मार्चला. तिथली बाई म्हणाली की काही दुखत नाही, नुसतं पडून राहायचं. पण ठेंगू, बाबांना त्या नळीत सरकवताना मी बाहेर उभा होतो. आत जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, ते अजून तसंच दिसतं.

दिवसभर मी स्वतःवर पाळत ठेवून असतो. पेन धरताना हात थरथरला का, एखादा शब्द अडला का. काल मालकांचं आडनाव क्षणभर आठवलं नाही आणि मी कपाटाआड जाऊन उभा राहिलो. वहिनी म्हणते की आडनाव काय, तू लग्नाची तारीखसुद्धा कधी लक्षात ठेवली नाहीस. बरं वाटावं म्हणून म्हणते. तिचेही डोळे सुजलेले असतात.

लवकर लिही. उत्तराची वाट बघणाऱ्याला विसरू नकोस.

तुझा
दादा


१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, तू ठणठणीत आहेस! आधी हे वाक्य तीनदा वाच, मग खाली ये.

परीक्षा समोरच्या भूगोलाच्या बाईंकडे केली. त्या निवृत्त झाल्यात, एकट्या असतात आणि त्यांच्या घरात धूळसुद्धा परवानगी घेऊन बसते. हवा अशी स्वच्छ, की आपणच मळके वाटावं. काल संध्याकाळी जेवायच्या टेबलावर बाटल्या मांडल्या, मोजे ह्यांचेच (या वेळी धड). शिवाय एका ग्लासात मध्ये मध्ये चूळ भरायला साधं पाणी. प्यायला बसल्यावर कुणालाच कशात काही कळेना. बाईंना तिन्ही आवडल्या. फक्त म्हणाल्या की एका बाटलीचा शेवट जरा कडवट वाटतो. मग सगळे ग्लास तसेच ठेवले. मला निघवेना. उष्टे ग्लास टेबलावर ठेवून घरी जायचं म्हणजे आईला पाठमोरं होऊन जाण्यासारखं वाटलं.

आज सकाळी पुन्हा गेलो. ह्यांनी पहिला ग्लास हुंगला, काही नाही. दुसरा हुंगला, काही नाही. तिसऱ्यात नाक घातलं आणि चूल चाटल्यासारखं तोंड केलं. बाईंनी तो ओढून घेतला आणि म्हणाल्या की हा ग्लास नाही, राखेचं भांडं आहे. मी मोजा ओढला. बाबांचं साल, दादा! दोघांनाही तोच ग्लास, दोघांनाही तोच वास. आता तुझ्या मालकांनी त्या नाकाला पेन्शन नाही, बढती द्यायला हवी. मी बाईंच्या त्या स्वच्छ घरात मोठ्याने रडले आणि त्यांनी मला स्वच्छ रुमाल दिला.

आता हसायची गोष्ट. परीक्षेत मी नापास! मला सगळ्याच ग्लासांना करपट वास आला. इतकंच काय, पाण्याच्या ग्लासालाही. बाई म्हणाल्या की तुझ्यासारखा पंच असेल तर सगळेच संघ हरतील. तुझ्या पत्रांनी मलाच भीतीची लागण झालीय, दुसरं काय! परवा दुकानात एका गिऱ्हाइकाच्या साटिनच्या झग्यावरून इस्त्री झटकन उचलली, कापड जळतंय म्हणून ओरडले. मालकीणबाई धावत आल्या, बघतात तर इस्त्री लावलेलीच नव्हती, थंड! दिवसभर मला सगळ्यांनी थंड इस्त्रीची बाई म्हणून पिडलं. आता तू बरा आहेस म्हटल्यावर माझंही नाक ताळ्यावर येईल.

सोमवारच्या फोटोचं लगेच कळव. नुसती औपचारिकता आहे आता ती, घाबरू नकोस. वहिनीला सांग, डोळे पूस. आणि आम्हा दोघांवर कृपादृष्टी राहू दे, पंच नापास असला तरी.

तुझी
ठेंगू


४ मार्च

चि. ठेंगूस,
आशीर्वाद.

माझा फोटो स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, काही नाही. तुझं पत्र हाती आल्यावर मला धीर आला आणि काल इथेही ग्लास तसेच ठेवले. आज सकाळी मालकांनी नाक घातलं नि त्यांचा चेहरा पडला. त्या साली डोंगरावरचं गवत पेटलं होतं, धूर आठवडाभर मळ्यावर बसला होता, असं जुने लोक आता सांगतात. मी तेव्हा बाबांच्या उशाशी होतो, मला कुणी सांगितलं नाही. धूर द्राक्षांत लपतो आणि बाटलीत वर्षं गेली की हळूहळू सुटतो. तो माल आता बाजारात जाणार नाही. हे सगळं नंतर बोलू.

तुझं पत्र मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. तुझ्या पंचगिरीवर मी हसत होतो, ती हसली नाही. तिने विचारलं, पाण्याच्या ग्लासालासुद्धा? मग म्हणाली, तो परिच्छेद पुन्हा वाच.

मी पुन्हा वाचला. मग तुझी आधीची पत्रं काढली आणि सालं मांडतो तशी टेबलावर ओळीत मांडली. एकेक वेगळं वाचलं तर प्रत्येकात हसण्यासारखं काही तरी आहे. शेजारी शेजारी ठेवल्यावर सगळ्यांत एकच वास येतोय, ठेंगू. वायर जळत नाहीये. इस्त्री थंड होती. मी माझा वास शोधण्यात इतका गढलो होतो, की तुझा माझ्या हातात असून मला आला नाही. वर तुलाच सांगितलं, दुसऱ्याच्या घरी जा, वायरमन बदल.

फोन हातात घेतला होता, ठेवून दिला. माझा आवाज फुटला असता आणि तू हसण्यावारी नेलं असतंस. जावईबापूंना कामावर फोन करून सगळं सांगितलंय. आपले डॉक्टर तुला शनिवारी बघणार आहेत. तुझ्या डोक्याचा फोटो काढायची त्यांची चिठ्ठी मला उद्या मिळेल, आणि ती घेऊन मी परवा तुझ्याकडे येतो. तुला घेऊनच परत निघायचं. डॉक्टर म्हणाले की लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं, बाबांसारखं होईलच असं नाही. बाबांचं एक वर्ष आपण हसण्यात घालवलं. तुझे दोन महिने पुन्हा तसेच घालवले. आता एक दिवसही नाही.

गाडीवाल्याला आत्ताच पाठवतोय, तो हे पत्र देऊन दारात थांबेल. तू एकच कर. गॅस बंद कर, दूध फ्रीजमध्ये ठेव, खिडक्या उघड, आणि मग वास येतो का ते खरं खरं लिहून त्याच्या हाती दे. नसेल येत तर मी नुसता भाऊ म्हणून येईन, सासूबाईंच्या सालची बाटली घेऊन. तसंच होऊ दे.

तुझ्यावाचून ज्याचं चालत नाही असा,
दादा


४ मार्च, संध्याकाळ

ती. दादा,
नमस्कार.

गाडीवाला दारात उभा आहे. त्याला चहा देते म्हटलं, तो नको म्हणाला. त्याला बहुधा माहीत आहे.

तू सांगितलंस तसं केलं. गॅस बंद आहे. दूध फ्रीजमध्ये आहे. चारी खिडक्या उघड्या आहेत आणि बाहेरून गार हवा येतेय. हे माझ्या मागे उभे आहेत, मी काय लिहिते ते वाचत नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवलाय. ह्यांना विचारलं, कसला वास येतोय का. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मला येतोय, दादा. दूध तळाला लागल्याचा. वायर वगैरे मीच म्हणत होते. पहिल्या दिवसापासून तो दुधाचाच होता. मी ओळखला होता, पण त्याला ते नाव द्यायची हिंमत झाली नाही.

बाबा कप बाजूला सारायचे आणि पुढे काही बोलायचे नाहीत. मी बोलतेय. मला फार भीती वाटतेय. लवकर ये.

तुझीच
ठेंगू